मुलांचा सोरायसिस: घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

माझ्या लेकीच्या डोक्यात कोंडा झालाय असं समजून मी चार महिने दर रविवारी तिच्या डोक्याला लिंबू चोळत होते. तेव्हा ती नऊ वर्षांची, चौथीत. शाळेच्या निळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरा भुगा पडायचा, मी फणीने खरवडून काढायचे, दुसऱ्या दिवशी तेवढाच परत, आणि खरवडलेल्या जागी टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके. ती रडायची, आई झोंबतंय म्हणायची, मी म्हणायचे जरा सहन कर. मग कोपरांवर चट्टे आले, मग गुडघ्यांवर, आणि स्किनच्या डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं की हा सोरायसिस आहे आणि खरवडणं आजपासून बंद.

आता ती सतरा वर्षांची आहे. या आठ वर्षांत आम्ही बऱ्याच चुका केल्या, काही गोष्टी बरोबर जमल्या, त्या लिहून ठेवतेय कारण ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांना पहिले सहा महिने काहीच सुचत नाही. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दोन व्हिजिटच्या मधला महिना-दीड महिना घरीच काढायचा असतो आणि त्याबद्दल ओपीडीच्या गर्दीत कोणाला नीट सांगायला वेळ नसतो.

आधी समजून घ्या

जंतूंशी लढायला अंगात ज्या पेशी असतात त्या इथे आपल्याच कातडीवर उठतात, म्हणून याला ऑटोइम्यून म्हणतात. एरवी कातडी खालून तयार होऊन वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत होतं, त्यामुळे अर्धवट तयार झालेल्या पेशींचे थर साचत जातात आणि ते चंदेरी पापुद्रे दिसतात. म्हणजे वरून कितीही घासलं तरी उपयोग नाही, कारण गडबड आतून आहे. अस्वच्छता, रक्त बिघडलंय, अंगात उष्णता आहे, यातलं काहीही कारण नाही.

आणि हा पसरत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, तिचा टॉवेल वापरा, नाही होत. हे घरातल्या प्रत्येकाला, मोलकरणीला, आजीला, धाकट्या भावाला स्पष्ट सांगा, एकदा नाही दहा वेळा सांगा, कारण मुलाला सगळ्यात आधी दुखावतात ते घरातलेच लोक, वेगळा टॉवेल ठेवून.

आनुवंशिक भाग आहे. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक, दोघांना असेल तर जवळपास निम्मी. आमच्या दोन्हीकडे कोणालाच नव्हता तरी झाला. त्यामुळे हा माहेरकडून आला की सासरकडून यावर घरात भांडण करू नका, मूल दाराआडून ऐकत असतं. आणि हा फक्त मोठ्यांचा आजार आहे हेही खरं नाही, सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो विशीच्या आतच सुरू झालेला असतो.

ओळखायचं कसं

मुलांमध्ये फसायला होतं कारण चट्टे पातळ असतात, पापुद्रे कमी असतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते पुस्तकातल्या फोटोसारखे लालभडक दिसतच नाहीत, जांभळट किंवा काळपट दिसतात. डोकं, कानामागे, कपाळाची केसांची रेघ, चेहरा, बेंबी, काखा, जांघा, आणि तान्ह्या बाळात लंगोटाची जागा, इथे बघा. इसब बहुतेक वेळा कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात येतं आणि खाज प्रचंड असते. सोरायसिस कोपराच्या बाहेरच्या टोकावर आणि गुडघ्याच्या पुढे जास्त, कडा अगदी ठळक, कोणी पेनने आखल्यासारख्या. गजकर्ण गोल कड्यासारखं पसरतं आणि मधली कातडी बरी होत जाते. पण हे आपण अंदाज करायला, शंका असेल तर डॉक्टर चट्ट्यावरचा कोंडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बुरशी आहे का ते बघतात, कधी छोटा तुकडा काढून तपासतात.

नखं विसरू नका. शिवणकामाच्या टोपणावर, म्हणजे अंगुस्तान्यावर, जसे बारीक खळगे असतात तसे खळगे नखावर दिसले, किंवा नखाखाली तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळट ठिपका दिसला तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, कारण नखं आणि सांधे यांचं नातं आहे, ते पुढे सांगते.

एक कळकळीची विनंती. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘स्किनची ट्यूब द्या’ म्हणून आणू नका. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, चार दिवस बरं वाटतं, आणि मग खरा आजार कोणता होता हेच ओळखता येत नाही. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं तरी काउंटरवर सहज मिळतात, म्हणून आपणच सांभाळायचं.

अचानक अंगभर ठिपके आले तर घसा आठवा

मुलांचा एक खास प्रकार आहे, गटेट सोरायसिस. पावसाचे थेंब उडावेत तसे पोटावर, पाठीवर, दंडांवर छोटे छोटे ठिपके एकदम उठतात. बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे आधी घसा दुखून ताप येऊन गेलेला असतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे इम्यून सिस्टीम चेकाळते आणि ती कातडीवर उलटते. असं झालं तर डॉक्टरांना घशाचं नक्की सांगा, ते घशाचा स्वॅब किंवा एएसओ नावाची रक्ताची टेस्ट करून घेतात. हा प्रकार बऱ्याच मुलांमध्ये काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो, काहींमध्ये मात्र नेहमीच्या चट्ट्यांच्या सोरायसिसमध्ये बदलतो.

आमच्याकडे चट्ट्यांचाच प्रकार आहे पण तरीही घसा धरला की पंधरा दिवसांत पाठ उठते. म्हणून आता घसा दुखतोय म्हटलं की मी काढा करून वाट बघत बसत नाही, दुसऱ्या दिवशी दाखवते, आणि अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करते.

रोजचं रुटीन

खरं सांगायचं तर औषधापेक्षा जास्त फरक मला रुटीनने पडलेला दिसला, किंवा असं म्हणा की रुटीन नसेल तर औषधही नीट काम करत नाही.

अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत. कढत पाणी नको, थंडीतसुद्धा नको, आणि नाशिकच्या डिसेंबरमध्ये हे मुलाला पटवणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. साबण वास नसलेला, मऊ. वज्री, घासणी, खरखरीत काथ्या हे सगळं बाथरूममधून उचलून बाहेर ठेवा. टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. महागडं नाही लागत, पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिनचं साधं क्रीम, किंवा खोबरेल तेल, जे रोज लावलं जाईल तेच चांगलं. आम्ही मोठा डबा आणतो कारण छोटी बाटली आणली की हात आखडतो. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि शाळेतून आल्यावर हातपाय धुतले की परत.

औषधाचं मलम वेगळं. ते फक्त चट्ट्यावर, पातळ थर, डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस. मलम किती घ्यायचं हे मला तीन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, मग एका रेसिडेंट डॉक्टरने ट्यूब हातात घेऊन दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मी त्याआधी वाटाण्याएवढं मलम दोन्ही गुडघ्यांना पुरवत होते आणि गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलत होते.

स्टिरॉइडची भीती दोन टोकांची असते. काही आईबाप नाव ऐकूनच लावत नाहीत, काही गुण येतोय म्हणून वर्षभर लावत बसतात. दोन्ही चूक. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलं तर हे चांगलं औषध आहे. पण गुडघ्यासाठी दिलेलं जोरदार मलम चेहऱ्यावर, काखेत, जांघेत लावलं की कातडी पातळ होते, तिथे कायमचे ताण पडल्यासारखे पट्टे उठतात. त्या जागांना डॉक्टर बऱ्याचदा टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात. कॅल्सिपोट्रिऑल हे व्हिटॅमिन डीपासून बनवलेलं मलमही मुलांमध्ये वापरतात. चट्टा सपाट झाला की मलम एकदम तोडायचं नाही, रोजवरून एक दिवसाआड, मग फक्त शनिवार-रविवार, असं उतरवत आणायचं, कसं ते विचारून घ्या.

डोक्याचं. रात्री खोबरेल तेल कोमट करून बोटांच्या पेरांनी हलकं लावायचं, जुनी उशी घ्यायची, सकाळी पापुद्रे मऊ झालेले असतात, मग डॉक्टरांनी दिलेला शाम्पू, बहुतेक वेळा कोल टारचा, लावून पाच मिनिटं थांबायचं, इतकंच. मोठ्या दातांचा कंगवा. फणी नाही. नखं नाहीत. सुटेल तेवढं सुटू द्या. पापुद्रे सोडवणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध लहान मुलांना मनाने मोठ्या भागावर लावू नका, ते कातडीतून अंगात शोषलं जातं. आणि दोन घट्ट वेण्या घालायचा शाळेचा नियम असेल तर बाईंना सांगून सैल वेणीची परवानगी घ्या, कारण केस ताणले जातात तिथेही चट्टे उठतात.

हे ताणण्या-खरचटण्याचं नीट लक्षात ठेवा. याला कोबनर म्हणतात. कातडीला जिथे इजा होते तिथे एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा येऊ शकतो. पडून खरचटलं, डास चावून खाजवलं, स्कर्टचं इलास्टिक काचलं, नवी चप्पल लागली, सगळीकडे. आमची एक दिवाळी अशीच गेली. सासूबाईंनी नरकचतुर्दशीला पहाटे मायेने तेल लावून उटणं चांगलं खसाखसा चोळलं, पोरीचं अंग कसं तुकतुकीत दिसेल म्हणून, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पाठीवर बोटांच्या रेषांसारखे उभे चट्टे उठले होते. सासूबाई महिनाभर स्वतःला दोष देत होत्या. आता तिचं अभ्यंगस्नान असतं, तेल असतं, उटणं फक्त हाताला वासापुरतं. रंगपंचमीला आधी अंगभर जेली फासून पूर्ण बाह्यांचे कपडे. कान टोचणं, टॅटू, मांजा धरून बोटं कापणं, हे सगळं आजार भडकलेला असताना टाळायचंच.

पुड्यांबद्दल

हे लिहिताना मला अजून त्रास होतो. लेक अकरा वर्षांची असताना नात्यातल्या एकांनी एका माणसाचा पत्ता दिला, मुळापासून घालवतो म्हणाले. आम्ही गेलो. कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या, नाव नाही, लेबल नाही, मधातून दोन वेळा. आठ दिवसांत अंग स्वच्छ. मी रडले होते आनंदाने. महिन्याभरात तिचा चेहरा गोल सुजल्यासारखा व्हायला लागला, भूक सारखी, वजन वाढलं. तिच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, कुठलं देशी औषध चालू आहे का, आणि ते एकदम बंद करू नका, आपण हळूहळू उतरवू असं सांगितलं. पण पुड्या तोपर्यंत संपल्या होत्या, त्या माणसाचा फोन लागेना. दहा दिवसांत सगळं अंग लाल, त्यावर बारीक पूवाचे फोड, ताप, थंडी वाजतेय, आणि आम्ही पाच दिवस वॉर्डमध्ये.

पोटात घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद झालं की सोरायसिस असाच उसळतो. कुठल्याही पॅथीचं औषध घ्या, तो तुमचा निर्णय, पण लेबल नसलेली पुडी मुलाच्या तोंडात घालू नका, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइडच काय, शिसं-पाराही सापडलेला आहे. आणि जे काही देताय ते डॉक्टरांपासून लपवू नका. ते ओरडले तर ओरडू देत.

अंगभर लाली, पूवाचे फोड, ताप, कुडकुडणं, यातलं काही एकत्र दिसलं तर ती इमर्जन्सी आहे. सकाळची वाट बघायची नाही.

मलमाने भागलं नाही तर

पुढची पायरी घाबरण्यासारखी नाही. फोटोथेरपी म्हणजे ठरावीक अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाच्या मशिनमध्ये काही सेकंदांपासून काही मिनिटं उभं राहायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, बऱ्याचदा वीस-तीस सिटिंग. डोळ्यांना गॉगल हवाच, मुलांनी चड्डी काढायची नाही. जरा मोठ्या, शांत उभं राहू शकणाऱ्या मुलांना हे छान लागू पडतं, अडचण फक्त येण्याजाण्याची. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या, मेडिकल कॉलेजांच्या स्किन विभागात चौकशी करा, खाजगीपेक्षा खूप स्वस्तात होतं. कोवळं ऊन थोडा वेळ घेतलं तर बऱ्याच मुलांना बरं वाटतं, पण ऊन भाजेपर्यंत बसवलं तर ती इजाच झाली.

गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्सेट सगळ्यात जास्त देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे दर रविवारी, कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेला, गोळी दिली की त्या गोलावर फुली, आणि पाकीट माझ्या कपाटात, घरातल्या इतर औषधांच्या डब्यात नाही. सोबत फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी असतं, दोन्ही गोळ्या पिवळट आणि छोट्या दिसू शकतात म्हणून पाकिटं वेगळी. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, लिव्हर आणि रक्तपेशी.

मग बायोलॉजिक इंजेक्शनं. इम्यून सिस्टीममध्ये जो ठरावीक निरोप चुकीचा जातोय तेवढाच ती अडवतात. अमेरिकेत एटानरसेप्ट हे इंजेक्शन चार वर्षांपुढच्या मुलांच्या सोरायसिससाठी २०१६ मध्ये मंजूर झालं, त्यानंतर सहा वर्षांपुढच्यांसाठी आणखी काही आली. आपल्याकडे खर्च हा मोठा प्रश्न आहे. आणि दुसरा प्रश्न टीबीचा, अंगात दडलेला टीबी यामुळे उठू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट होते, ती टाळू नका. घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा, लाज वाटण्यासारखं काही नाही. अशी औषधं सुरू होण्याआधी मुलाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, गोवर-गालगुंड, कांजिण्या यांच्या लसी जिवंत विषाणूच्या असतात, त्या औषध चालू असताना सहसा देत नाहीत.

सांधे, डोळे आणि या आजाराची बाकीची भावंडं

सोरायसिस असलेल्या काही मुलांना सांध्यांचा आजार होतो, आणि मुलांमध्ये तो कधीकधी कातडीच्या आधीच येतो. लहान मूल ‘सांधा दुखतोय’ असं म्हणत नाही. ते सकाळी उठल्यावर लंगडतं आणि अकरा वाजेपर्यंत नीट चालायला लागतं. ते पेन्सिल वेगळी धरायला लागतं, बाटलीचं झाकण उघडून दे म्हणतं, मांडी घालून बसायचं टाळतं. एखादं बोट अख्खं सुजून जाड होतं. वाढीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सूज किंवा आखडणं म्हणजे मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं. उशीर झाला तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो आणि वेळेत औषध मिळालं तर मूल खो-खो खेळतं, इतका फरक आहे. अशा संधिवातात डोळ्याच्या आतही सूज येते, आणि पुष्कळदा डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने डोळे तपासून घ्यायचेच.

कोड आणि चाई पडणं हेही ऑटोइम्यूनच. कोडात रंग बनवणाऱ्या पेशींवर हल्ला होतो, चाईमध्ये केसांच्या मुळांवर, टाइप वन डायबिटीसमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर. एक असलं म्हणजे दुसरं होणारच असं अजिबात नाही, पण सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, खूप थकवा, महिनोन्महिने पोट बिघडलेलं, असं काही वेगळं दिसलं तर सोरायसिसच्याच खात्यात टाकू नका. आणि एक उलटा घोळ होतो तोही सांगते, सोरायसिसचा चट्टा बरा होताना मागे पांढरट किंवा काळा डाग राहतो, लोक म्हणतात कोड झालं. तो डाग काही महिन्यांत कातडीच्या रंगाचा होतो.

वजनाकडे लक्ष ठेवा. जाड मुलांमध्ये सोरायसिस जास्त दिसतो आणि आटोक्यात यायला अवघड जातो. त्यासाठी खेळ, घरचं जेवण, कोल्ड्रिंक बंद, बस. वांगं बंद, दही बंद, मासे बंद, आंबट बंद, ही यादी आम्ही दीड वर्ष पाळली, लेकीच्या डब्यात रोज दुधी, आणि चट्टे होते तिथेच. एखाद्या पदार्थाने तुमच्या मुलाला खरंच त्रास होतोय असं दोन-तीनदा दिसलं तर तो टाळा, पण वाढत्या वयाच्या मुलाचं अख्खं ताट रिकामं करू नका. गहू बंद करायचा तर आधी गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सेलिअ‍ॅकची तपासणी करा आणि तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवा, नाहीतर टेस्ट चुकीची येते.

शाळा

जून उजाडला की वर्गशिक्षिकेला भेटायचं. डॉक्टरांकडून एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: हा सोरायसिस आहे, संसर्गजन्य नाही, मूल खेळ, पोहणं, सहल सगळ्यात भाग घेऊ शकतं, पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा सैल मोजे घालायची गरज पडू शकते. झेरॉक्स पीटीच्या सरांना आणि मुख्याध्यापकांना.

पाचवीत लेकीच्या बेंचवरची मुलगी उठून दुसरीकडे बसली, तिच्या आईने सांगितलं होतं. लेक घरी येऊन काही बोलली नाही, फक्त डबा तसाच परत आला, सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाली, आई मी खाताना कोंडा पडतो ना. मी त्या मुलीच्या आईला भेटले. भांडले नाही, कागद दाखवला, माझा हात लेकीच्या कोपरावर ठेवून म्हटलं, आठ वर्षांच्या माझ्या मुलालाही काही झालेलं नाही, दोघं एका पलंगावर झोपतात. पुढच्या सोमवारी मुलगी परत त्याच बेंचवर.

लेकीला आम्ही एक वाक्य तयार करून दिलं होतं, ‘हा सोरायसिस आहे, माझी स्किन फास्ट वाढते, तुला नाही होणार’. आरशासमोर म्हणून बघितलं, भावाबरोबर प्रॅक्टिस केली. मोठं लेक्चर मुलाला जमत नाही, एक वाक्य जमतं. आणि मूल गप्प झालं, अंघोळ टाळायला लागलं, शाळेला जायचं नाही म्हणून पोट दुखायला लागलं, झोप उडाली, तर ते आजाराचंच लक्षण धरा आणि काउन्सेलरकडे न्या. ताणाने चट्टे वाढतात, चट्ट्यांनी ताण वाढतो, दोन्ही टोकांनी काम करावं लागतं.

तेराव्या वर्षानंतर

इथे पालकांनी हात मागे घ्यायला शिकायचं. बारा-तेराव्या वर्षी लेक म्हणाली आता पाठीला बाबांनी नाही, तूच लावायचं. मग म्हणाली तूही नको. मी आधी चिडले, कारण मला माहीत होतं ती टाळाटाळ करणार, आणि तिने केलीच, दोन महिन्यांत चट्टे परत आले. पण ‘लावलंस का, लावलंस का’ करून काही होत नाही. आम्ही ठरवलं की पाठ सोडून बाकी सगळं तिचं, पाठीला हाक मारली की मी. महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला, ती स्वतःच्या मोबाईलमध्ये त्याच चार जागांचे फोटो काढते, त्याच खिडकीशी, आणि डॉक्टरांना तेच दाखवते. त्या फोटोंमधून तिला स्वतःलाच दिसलं की परीक्षेच्या आधीचा महिना तिचा वाईट जातो आणि मॉइश्चरायझर सुटलं की कोपर आधी फुटतो.

डॉक्टर बदलायचं वेड इथेच थांबवा. औषध लागू पडतंय की नाही हे कळायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि प्रत्येक नवीन डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो. आम्ही पहिल्या तीन वर्षांत पाच बदलले. हा आजार कायमचा जात नाही, पण महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो, आणि शांत ठेवणं हेच ध्येय धरलं की घरातली धावपळ थांबते.

वाढत्या मुलामुलींना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. सिगारेट आणि दारूने सोरायसिस भडकतो, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना दारू लिव्हरला घातक. दाढी सुरू झालेल्या मुलांनी ब्लेडपेक्षा ट्रिमर वापरावा, मुलींनी आजार वर असताना वॅक्सिंग टाळावं. जांघेत किंवा लघवीच्या जागी चट्टे असतील तर मुलं मरणाची लाजतात आणि सांगतच नाहीत, त्यांना भलताच आजार झालाय असं वाटत असतं, म्हणून तुम्हीच आधी सहज सांगून ठेवा की तिथेही येऊ शकतो आणि त्यालाही मलम आहे. मुलींच्या बाबतीत मेथोट्रेक्सेट आणि अ‍ॅसिट्रेटिन (हे सोरायसिसचंच दुसरं औषध) ही दोन्ही औषधं गर्भाला घातक आहेत, अ‍ॅसिट्रेटिन तर थांबवल्यावरही तीन वर्षं गरोदर राहायचं नसतं, त्यामुळे वयात आलेल्या मुलीला यातलं कुठलंही औषध लिहून दिलं तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, आणि हे बोलणं मुलीच्या समोर, मुलीशी व्हायला हवं. मलेरियाच्या काही गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्याही सोरायसिस वाढवतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य, मला सोरायसिस आहे.

सहलीला जाताना तिच्या बॅगेत एक पाऊच असतो, छोट्या डबीत जेली, मलमाची ट्यूब, स्वतःचा साबण, शाम्पूची लहान बाटली, जुनी उशीची खोळ, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये. गेल्या डिसेंबरात कोकणात गेली होती कॉलेजच्या ग्रुपबरोबर, अर्ध्या बाह्यांचा टॉप घालून समुद्रात उभी असलेला फोटो पाठवला, कोपर स्पष्ट दिसत होता. खाली फक्त विचारलं होतं, आई खाऱ्या पाण्यातून आल्यावर आधी साध्या पाण्याने अंघोळ करू की थेट जेली लावू. मी लिहिलं, आधी साधं पाणी, मग टिपून लगेच जेली.